विलासच्या बीजावर माझा हक्क नाही

मी, देवजी गोटीराम मढवी, वय वर्षे सदुसष्ट, पूर्वी शेतकरी, आता खोल्यांच्या भाड्यावर जगणारा, राहणार घणसोली गाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डावा खांदा तेवढा नाही. सरकारने घेतलेल्या जमिनीसाठीच्या मोर्चात लाठी बसली तेव्हापासून तो वर जात नाही. पत्नी मालतीबाई आधीच गेली. एकुलता मुलगा विलास अडीच वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकरखाली गेला. मागे उरलो मी आणि सून वैजयंती.

१. गावठाणातले राहते घर, मागच्या तीन खोल्या आणि गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड मी वैजयंतीला देतो. तिने पुन्हा लग्न केले तरी हे सारे तिचेच. ते लग्न झालेच तर मांडव माझ्या दारात पडावा आणि लग्नाची गाणी पुतळाबाई धवलारणीने म्हणावीत. पुतळाबाईने मला तसा शब्द दिला आहे.

२. मिठागरातली फावडी आणि खाडीतली होडी धाकटा भाऊ शिवराम याला. विलासच्या दहाव्यालाच तो बोलला होता, "नातू नाय, त प्लॉट माझे पोरांना." भूखंडाचे वर लिहिलेच आहे. होडी जरा गळते.

३. आता जे माझे नव्हते त्याविषयी. विलास गेला त्या दुपारी मी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरचे पाय धरले. आमच्या गायीला सरकारी दवाखान्यात गोठवलेले बीज भरले होते, मग माझ्या मुलाचे का ठेवता येणार नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "काही तासांत काढलं तर ठेवता येतं. पण आमच्याकडे यासाठी नियमच नाही. निदान पत्नीची संमती हवी. त्यांना विचारलंत?"

मी म्हणालो, "तिला काय इचारायचा? ती आमचेच घरची हाय. हो बोलली ती."

वैजयंती बाहेर बाकावर विलासच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला काहीही विचारले नव्हते. बीज काढले, गोठवले, आणि पुढे अडीच वर्षे तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

यंदा रुग्णालयाने नियम केला. असे बीज फक्त पत्नीच्या लेखी इच्छेने वापरायचे, नाहीतर नष्ट करायचे. तसे पत्र वैजयंतीच्या नावाने घरी आले. तिने ते वाचले, मला जेवायला वाढले आणि मग म्हणाली, "बाबा, सरकारनी तुमाला न इचारता जमीन घेतली, त तुमी लाठी खाल्ली. मना कोनी इचारला?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला. "चुकला माझा," एवढेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन, तेव्हा मी खोटे बोललो होतो, हे सांगून आलो. त्या बीजावर माझा, शिवरामचा किंवा मढवी घराण्यातल्या कोणाचाही हक्क नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. ठेवायचे की टाकायचे ते वैजयंती ठरवील, आणि कारण तिला कोणी विचारू नये.

४. काल तिने रुग्णालयाचा अर्ज भरून लखोटा बंद केला. "तुमीच नेऊन द्या, बाबा," म्हणाली. आत काय लिहिले आहे, मला माहीत नाही. नातवाची आस सुटलेली नाही, खोटे कशाला लिहू? सकाळी लखोटा दोनदा उजेडात धरावासा वाटला. धरला नाही. आता तो माझ्या खिशात आहे. आधी या कागदावर सही करीन, मगच रुग्णालयात जाईन. तिचे उत्तर आधी कळले आणि ते 'नाही' असले, तर कलम एकवर सही करताना माझा हात मागे येईल, अशी मला माझीच भीती वाटते.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

देवजी गोटीराम मढवी

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. डॉ. उदयसिंह शिंदे, गावातला दवाखाना, घणसोली
२. राहीबाई हौसेराव साळुंखे, भाडेकरू, मूळ जिल्हा सातारा

मुक्काम घणसोली, बुधवार, दि. ९ डिसेंबर १९९८