एकाच खोलीतली ऊब

प्रिय ताई,

हे पत्र घेऊन आलेला माणूस आमच्या गोदामातला ट्रक ड्रायव्हर आहे, आम्ही त्याला मिशीवाला म्हणतो. त्याला आधी पाणी दे, बसायला सांग, आणि मग पुढचं वाच. फोन करायला हवा होता, कळतंय मला. कितीदा तरी हातात घेतला आणि ठेवून दिला. नुसतं ‘हॅलो’ म्हटलं असतं तरी तू ओळखलं असतंस, आणि मग मी फोनवरच रडत बसलो असतो. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून लिहितोय. ‘घाबरू नकोस’ असं लिहिणार होतो, पण मीच घाबरलोय, तुला कुठल्या तोंडाने सांगू?

परवा सकाळी हिचं अचानक ऑपरेशन करावं लागलं. ताप अजून उतरत नाहीये. ती बोलते, दोन घोट पाणी पिते, पण उठायची परवानगी नाही. बाकीचं सांगतो. जरा धीर येऊ दे.

कालपासून मला सारखी आपली ती चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची जागा आठवतेय. नवा देश, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. बाबा बाजारात भाजीच्या गोण्या उतरवायचे, आई लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. थंडी पडली की दुसरी खोली बंद करून आपण चौघं स्वयंपाकघरात झोपायचो, कारण हीटर तेवढ्यापुरताच परवडायचा. साबणाची चिपटी आई नव्या वडीला चिकटवायची. तुझा कोट मला आला तेव्हा त्याची बटणं मुलींच्या बाजूला होती. शाळेतली पोरं हसली, तर तू कमरेवर हात ठेवून त्यांना सांगितलंस की आमच्या देशात राजेलोक अशीच बटणं लावतात. त्यांनी ते खरं मानलं. मीही बरीच वर्षं मानत होतो.

आणि बाबांचा तो ताप. पावसात भिजून आले आणि असे कुडकुडायला लागले की दातांचा आवाज ऐकू यायचा. डॉक्टर औषध देऊन गेला, म्हणाला, ऊब द्या, वाट बघा. घरात होतं नव्हतं ते सगळं त्यांच्या अंगावर घातलं, टेबलावरचं कापडसुद्धा. तरी थंडी जाईना. तू आईला विचारलंस की मला, तुझ्या मागे मागे फिरणाऱ्या शेपटाला, बंद खोलीत नेऊ का, तो घाबरलाय. आई म्हणाली, “नको. घाबरायचंच असेल तर सगळे मिळून घाबरू.” मग तिने आपल्या दोघांना बाबांच्या दोन्ही बाजूंना निजवलं आणि स्वतः पायांशी बसली. मला बाबांचा श्वास अडखळताना कळत होता, आणि त्यांच्यापलीकडे तू जागी आहेस हेही कळत होतं. तेवढ्यावर मी तग धरला. पहाटे बाबांचा ताप उतरला, आणि पुढे कितीतरी वर्षं ते आपल्याला लाभले. त्या घरात कुणाला काही लपवताच यायचं नाही. एकाने कूस बदलली की चौघांना कळायचं.

आता माझ्या घरात सगळ्यांना पुरून उरतील एवढ्या खोल्या आहेत. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी काळजीचं काहीतरी सांगितलं, तेव्हा ही एका खोलीत रडत होती आणि मी दुसऱ्या खोलीत. दोघांनाही वाटलं, समोरच्याला त्रास नको. हिने मला हे काल, तापात, सांगितलं.

ताई, मुलगी झालीय. फार लवकर. माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसतात. काचेच्या पेटीत ठेवलीय. मधेच श्वास घ्यायला विसरते, मग यंत्र ओरडतं, नर्स पावलाला टिचकी मारते, की पुन्हा घेते. मी दोन दिवस काचेला हातसुद्धा लावला नाही. वाटलं, माझ्या हातून काही झालं तर? आज दुपारी नर्सने विचारलंच नाही. शर्टाची बटणं काढायला लावली, खुर्चीत बसवलं आणि पिल्लू माझ्या छातीवर ठेवून वर पांघरूण घातलं. मी दगडासारखा बसलो. काही वेळाने नर्स म्हणाली, बघा, यंत्र शांत आहे. मला बघवेना, पण छातीवर तिचा श्वास लागत होता. एकदाही थांबला नाही. खुर्चीतून उठल्यावर मात्र पेटीत पुन्हा दोनदा थांबला.

डॉक्टर खात्री देत नाहीत. एवढंच म्हणतात की जितका वेळ कुणाच्या तरी छातीवर राहील तितकं बरं, आणि घरच्यांपैकी कुणीही चालेल. हिला अजून उठता येत नाही. मी एकटा किती वेळ बसणार? डोळा लागला तर, या भीतीने पाणीही पीत नाही. म्हणून हे पत्र. मिशीवाला माल उतरवला की लगेच परत फिरणार आहे आणि त्याच्या केबिनमध्ये तुझ्यापुरती आणि आईपुरती जागा आहे. दुकान बंद कर, कपडे शिवायला टाकलेल्यांना काय सांगायचं ते सांग. आईपासून काही लपवू नकोस, तिला सगळं वाचून दाखव आणि घेऊन ये. मुलीचं नाव अजून ठेवलेलं नाही. ठेवायला भीती वाटते. तुम्ही आलात की ठेवू.

तुझंच,
शेपूट