आमच्या घरातली घरघर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, प्रयोगशाळेतील नाजूक तराजू दुरुस्त करण्याच्या नोकरीतून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डाव्या कानाने जरा कमी ऐकू येते, पण त्याचा या लिखाणाशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. वकील म्हणाले होते, थोडक्यात लिहा. त्यांचे ऐकायचे असे मी ठरवले होते, पण जमले नाही. क्षमा असावी.

कलम १. तळमजल्यावरचे हे घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली, निजायची खोली आणि स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या लेकीचे. तिने ते विकले, भाड्याने दिले किंवा कुलूप लावून ठेवले तरी माझी हरकत नाही. फक्त मागच्या खोलीबद्दल कलम ७ आधी वाचावे.

कलम २. बँकेत जे असेल तेही लेकीचे. कपाटातल्या साड्यांपैकी ज्या ती नेसणार नाही त्या तिने उगाच भावनेपोटी ठेवून घेऊ नयेत.

कलम ३. माझी हत्यारे. चिमटे, वजनांची लाकडी पेटी, पातळी बघायची पाणसळ आणि मऊ ब्रश हे सर्व प्रयोगशाळेत माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावे. वजनांना बोट लावायचे नसते हे त्यांना माहीत आहे, तरी सांगते.

या हत्यारांमुळे माझे लग्न झाले, म्हणून दोन ओळी जास्त. माझे यजमान इमारतींचे आराखडे काढत. प्रयोगशाळेची नवी बाजू बांधायची होती, त्याची मापे घ्यायला हे आले. माझा तराजू दगडी फरशीवर होता, आणि त्या फरशीचा खांब खोलीच्या जमिनीला कुठेही न चिकटता थेट खाली मातीत गेलेला होता. दार आपटले, कोणी धावले, तरी काटा हलू नये म्हणून. हे वाकून त्या खांबाकडे दहा मिनिटे बघत राहिले.

“काही हरवलं का?” मी विचारले.

“नाही. यावर रेकॉर्ड प्लेअर ठेवला तर सुईला पावलांचा धक्का लागणारच नाही, हो ना?”

“ठेवून बघा,” मी म्हटले. “तुम्हालाच उचलून बाहेर ठेवीन.”

दुसऱ्या दिवशी माप चुकले म्हणून परत आले. तिसऱ्या दिवशीही चुकले. आराखडे काढणाऱ्या माणसाची मापे इतकी चुकत नाहीत, हे माझ्या साहेबांच्याही लक्षात आले.

कलम ४. दोन रेकॉर्ड प्लेअर. दोन्ही महागातले आहेत. यांनी आयुष्यात दुसरी चैन केली नाही. पण दोघांचे स्वभाव वेगळे, म्हणून वाटणी विचार करून केली आहे.

पहिला झुलता. याची तबकडी आणि सुईचा दांडा तीन स्प्रिंगांवर तरंगतात. बोटाने दाबले की वरखाली होतो आणि हळूच थांबतो. बारीक थरथर तो आत येऊच देत नाही. पण लाकडी जमिनीवर कोणी धप्पकन पाऊल टाकले तर स्वतःच डोलायला लागतो आणि सुई उडते. याच्यावर गाणे मोकळे लागते, गाणारी बाई दारातून चालत आत आल्यासारखे.

दुसऱ्याला आम्ही जाते म्हणतो. नुसती तबकडी तेरा किलोची, खाली वाळू भरलेला जाड पाया. हा धक्का वजनाने जिरवतो. याच्यावर गाणारी जागची हलत नाही, पण तान घेण्याआधी तिने श्वास कुठे घेतला तो कळतो. मात्र ज्यावर ठेवाल ती जागा स्थिर हवी. ती थरथरली की हा तेच निमूटपणे सुईपर्यंत पोचवतो.

दहा वर्षे दर रविवारी यांनी आणि यांच्या चष्मेवाल्या मित्राने एकच रेकॉर्ड दोन्हींवर लावून तुलना केली. हे वहीत रकाने आखून लिहीत. चष्मेवाले डोळे मिटून ऐकत, त्यात दोनदा घोरले, आणि तरीही झुलताच चांगला हे मत त्यांनी सोडले नाही. तर झुलता त्यांचा. त्यांच्या घरी जमीन दगडी आहे, तिथे तो सुखात राहील. अट एकच. सुईचे वजन मोजायचा आमचा छोटा काटा त्यांनी “दोन दिवसांत देतो” म्हणून नेला त्याला सोळा वर्षे झाली. तो परत यावा.

जाते लेकीला. तिचे घर तिसऱ्या मजल्यावर, जमीन लाकडी, आणि माझी दोन्ही नातवंडे चालत अशी नाहीतच, उड्याच मारतात. म्हणून ते जमिनीवरच्या कपाटावर न ठेवता भिंतीत पक्की फळी ठोकून तिच्यावर ठेवावे. पण ज्या भिंतीला पलीकडून फ्रीज टेकला आहे त्या भिंतीवर ती फळी ठोकू नये. का, ते पुढच्या कलमात आहे. लेकीला हे कालपरवापर्यंत ठाऊक नव्हते. आम्ही दोघांनी तिला कधी सांगितले नव्हते.

कलम ५. हे कलम वाटणीचे नाही. वकील म्हणाले की याला मृत्युपत्रात जागा नाही. मी म्हटले, मग दुसरीकडे कुठे आहे ते सांगा.

आमच्या वर राहणाऱ्या ताई शिवणकाम करतात. वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण पहिल्यापासून मी त्यांना ताई म्हणते आणि त्या मला वहिनी. नवरा लवकर गेला. मशीनवर घर चालवले, मुलाला शिकवले.

चौदा वर्षांपूर्वी यांनी जाते आणले आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर फळी ठोकून तिच्यावर ठेवले. काही दिवसांत गाण्यातल्या शांत जागी खालून एक घरघर ऐकू यायला लागली. कधी यायची, कधी नाही. यांनी सुई बदलली, वायरी बदलल्या, फळीखाली रबर घातले. मग महिनाभर वेळा लिहून काढल्या आणि एके दिवशी छताकडे बोट दाखवले. “ताईंचं मशीन.”

ताई सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिवत असत. कोणतीही वेळ लिहिली असती तरी ती त्यांच्या मशीनशी जुळली असती. हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

इमारतीच्या समितीला यांनी पत्र लिहिले. अक्षर इतके सुंदर की चौकटीत लावावे. त्यावर दुसरी सही माझी आहे. जन्मभर थरथर मोजायची नोकरी केलेल्या बाईने काहीही न मोजता ती सही केली.

समितीने ठरवले की घरात धंद्याचे मशीन चालवायचे नाही. ताईंनी चार गल्ल्या पलीकडे, धुलाईच्या दुकानामागे एक कोपरा भाड्याने घेतला. पुढची अकरा वर्षे सकाळी जिना उतरायचा, दुपारी जेवायला चढायचा, पुन्हा उतरायचा, अंधार पडला की चढायचा. त्यांचा उजवा गुडघा त्या जिन्याने खाल्ला.

आणि मशीन गेल्यावरही घरघर येतच होती. हे म्हणत, “आता कमी आहे.” मला ती कमी वाटत नव्हती. सात महिन्यांनी एका दुपारी, हे कामावर असताना, मी त्या फळीवर पाण्याने भरलेली ताटली ठेवली आणि समोर स्टूल घेऊन बसले. पाणी आरशासारखे स्थिर होते. मग भिंतीपलीकडे आमचा फ्रीज सुरू झाला, आणि पाण्यावर बारीक वर्तुळे उठली. फ्रीज बारा मिनिटे चालला. वर्तुळे बारा मिनिटे राहिली.

संध्याकाळी यांना दाखवले. हे ताटलीकडे बघत उभे राहिले. बूटही काढले नव्हते.

“ताईंना सांगायला हवं,” मी म्हटले.

“हो. सांगू.”

दुसऱ्या दिवशी फ्रीज समोरच्या भिंतीला गेला. पुढे यांनी स्पीकरखालीही वाळूच्या पिशव्या ठेवल्या, छताला लोकरीचा जाड नमदा लावला. घरघर पार गेली. पुढचे पाच रविवार तुलना झाली नाही, चष्मेवाल्यांना सर्दीचे कारण सांगितले. मी म्हणे, तुम्ही सांगा. हे म्हणत, तू सांग, बायकाबायकांत बरं पडतं. आज सांगू, उद्या सांगू करत इतके दिवस गेले की मग सांगायचीच लाज वाटायला लागली. जिन्यात ताई दिसल्या की आम्ही दोघेही किल्ल्या शोधायला लागायचो.

हे जाऊन तीन वर्षे झाली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात फारसे बोलत नव्हते. एका सकाळी माझा हात धरून म्हणाले, “वर जाऊन ये.” नर्सला वाटले वरच्या मजल्यावरच्या औषधांच्या दुकानाबद्दल बोलत आहेत. मला कळले. तरी मला आणखी तीन वर्षे लागली.

कलम ६. पाच आठवड्यांपूर्वी मी वर गेले. ताई आता बाहेर जाऊ शकत नाहीत. घरीच हाताने काठ शिवतात, मशीन कोपऱ्यात चादरीखाली झाकलेले. “बसा तरी वहिनी,” त्या म्हणाल्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले. बसले असते तर सांगता आले नसते.

ताईंनी दोरा दाताने तोडला. “फ्रीज होय? मला वाटायचं तुमची पाण्याची मोटार असेल.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मशीन दुकानात गेल्यावर रविवारी मी घरीच असायचे की. घरघर मलाही जमिनीतून लागायची.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणाशी बोलू?” त्या म्हणाल्या. “पत्रावर तुम्हा दोघांच्या सह्या.”

ताईंनी सुईत नवा दोरा ओवला. मग म्हणाल्या, “राग होता. नाही असं नाही. पहिली दोन वर्षं तुमचं दार वाजलं की मी वरच थांबायचे, तुम्ही जाईपर्यंत. पण खरं सांगू का, मशीन गेलं त्याहून एक गोष्ट जास्त लागली. तुम्ही नंतर खाली काय बसवलंत कोण जाणे, गाणंच वर यायचं बंद झालं.”

“गाणं?”

“नऊ वर्षं रोज संध्याकाळी यायचं. त्याच्यावर माझे काठ व्हायचे. तुमची रेकॉर्ड संपली की मी दोरा बदलायचे.”

मग मी बसले. त्यांनी चहा केला.

पुढच्या रविवारी मी त्यांना धरून खाली आणले. एकेक पायरी, मध्ये दोनदा थांबत. यांच्या खुर्चीत बसवले आणि जात्यावर ती जुनी रेकॉर्ड लावली, जी आम्ही सगळ्यात जास्त वाजवली असेल. ठेका सुरू झाला तशा ताई हसल्या. हा त्यांच्या ओळखीचा होता. मग गाणारीने पहिली ओळ घेतली आणि ताई एकदम माझ्याकडे वळल्या.

“याला शब्द आहेत?”

जमिनीतून फक्त जड आवाज वर जातात. ठेका जातो, खालचे सूर जातात. शब्द लाकडातून जात नाहीत. नऊ वर्षे ते गाणे त्यांनी ऐकले, आणि ते बिनशब्दांचे आहे असेच समजत होत्या.

रेकॉर्ड संपली तेव्हा म्हणाल्या, “पुन्हा लावा. आता काय म्हणतेय ते नीट ऐकते.” चार वेळा लावली.

कलम ७. त्यानंतर मी या कलमात असे लिहिले होते की मागच्या खोलीत मशीन ठेवून काम करण्याचा हक्क ताईंना त्या आहेत तोपर्यंत असावा, म्हणजे शिवणासाठी जिना दिवसातून एकदाच उतरावा लागेल, आणि गाणे शब्दांसकट ऐकू येईल. रेकॉर्डी पुढच्या खोलीतच राहाव्यात आणि त्यांनी हव्या तेव्हा लावाव्यात. मशीन चालू असताना सुईला थोडे कळेल. ते मला चालेल.

मसुदा वाचायला वकील आले, तेव्हा ताईही खाली होत्या. साक्षीदार कोण, असे वकिलांनी विचारताच त्या म्हणाल्या, “मी.”

“ज्यांना मृत्युपत्रात काही मिळतं, त्यांना साक्षीदार होता येत नाही,” वकील म्हणाले. “झालात तर तुमचा हक्क जातो.”

“म्हणजे खोली घेतली तर सही नाही, आणि सही केली तर खोली नाही?”

“बरोबर.”

“मग सही.”

“अहो ताई, खोली तुमच्यासाठीच…” मी म्हटले.

“वहिनी, ती खोली मला मिळणार कधी? तुम्ही गेल्यावर. तोवर मी वर गुडघा धरून तुमच्या मरणाची वाट बघत बसू? त्यापेक्षा मला काही नकोच.”

वकील खोकले. मी मात्र हसू लागले, आणि हसता हसता मला दिसले की बाई अगदी बरोबर बोलते आहे. तिथूनच लेकीला फोन लावला. या कागदात लिहिले आहे ते सगळे, फ्रीजसकट, तिला सांगितले. ती म्हणाली, “बाबा पण ना…” आणि नंतर, “आई, मृत्युपत्र कशाला हवं? आजच आणा मशीन खाली.”

दोन हमालांनी परवा आणले. मागच्या खोलीत खिडकीशी उजेड चांगला येतो, तिथे लावले आहे. समितीकडे मी स्वतः जाऊन चौदा वर्षांपूर्वीची तक्रार लेखी मागे घेतली, कारणासह.

सबब कलम ७ मध्ये आता कोणाला काही द्यायचे उरलेले नाही, आणि या मृत्युपत्राने ताईंना काहीही दिलेले नाही. हे वाचून मला कोणी कोरडी म्हणू नये.

कलम ८. मी गेल्यावर कोणती रेकॉर्ड लावायची यावर लेक आणि चष्मेवाले भांडतील. काही लावू नका. ताई शिवत असतील तर त्यांना शिवू द्या.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे कोणी दाखवले तर ते खोटे समजावे. वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि ते माझ्या मनासारखे आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: ११ मार्च २०२६, बुधवार
सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर. मी आज यांना तपासले. प्रकृती वयाच्या मानाने उत्तम, विचार स्पष्ट. सही माझ्या समक्ष केली. (सही)

साक्षीदार दुसरी: शिवणकाम करणारी. सही माझ्यासमोर झाली. वहिनी पूर्ण शुद्धीवर होत्या. रडत होत्या, पण शुद्धीवर होत्या. (सही)