एकेचाळीस कोऱ्या सह्या

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, व्यवसाय वकिली, आमच्या घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात काळजी नको. पण तोंडी आश्वासनावर विसंबायचं मी सोडलं आहे.

एक. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीच्या शिक्षणाला. आईने तिच्या लग्नाची घाई करू नये. ही अट नाही, विनंती आहे.

दोन. माझा काळा कोट आमदारसाहेबांना परत करावा. मी वकिलीची परीक्षा पास झाले तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या अंगातून काढून दिला होता. तेव्हा ते नुसते वकील होते. शिंपीकाकांच्या दुकानावरच्या खोलीत, एका पायाखाली वीट लावलेल्या टेबलाशी बसून आमच्या गल्लीचा खटला फुकट लढत होते. त्याच्या कितीतरी आधी घरं पाडायला बुलडोझर आला, तेव्हा स्थगितीचा कागद घेऊन ते आडवे उभे राहिले. मी दहावीत होते. त्याच दिवशी वकील व्हायचं ठरवलं. पुढे त्याच कागदाच्या जोरावर ते निवडून आले.

तीन. माझी निळी वही कोर्टात द्यावी. साहेबांची रीत होती, अशिलाची कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची. "दर अर्जाला बोलावलं तर बिचाऱ्यांचा रोज बुडतो," ते म्हणत. मला पटलं. चार वर्षांपूर्वी त्यांची ज्युनिअर म्हणून गल्लीतल्या एकेचाळीस घरांत मीच फिरले. शिंपीकाकांनी विचारलं, "वर काय लिहिणार गं?" मी म्हणाले, "काका, माझ्यावर विश्वास नाही?" ते ओशाळले आणि सही केली.

गेल्या महिन्यात त्याच सह्यांच्या वर मजकूर छापून कोर्टात आला: रस्ता रुंद करण्यासाठी गल्ली रिकामी करायला आम्ही राजीखुशीने तयार आहोत.

मी बंगल्यावर गेले. "साहेब, या सह्या मी आणल्या होत्या."

त्यांनी चहा मागवला. "म्हणूनच सांगतो, बाळ. चौकशी झाली तर पहिलं नाव तुझं. सनद जाईल. आईला काय सांगशील?"

तो चहा मी प्यायले. त्याची लाज अजून जात नाही.

त्यांना एक माहीत नाही. प्रत्येक कोऱ्या कागदामागे मी पेन्सिलीने घराचा क्रमांक आणि तारीख टाकली होती. वहीत तीच नोंद आहे. कोर्टातल्या फाइलमध्ये ते आकडे अजून दिसतात. रस्ता रुंद करायची योजनाच मागच्या वर्षीची. मग चार वर्षांपूर्वी लोक तिला संमती कशी देतील?

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. वाचले तर मीच साक्ष देईन. नाहीतर ही वही आणि हे कलम म्हणजेच माझी साक्ष. माझी चूक कोणी झाकू नये.

चार. आईला मी स्वतः सांगितलं आहे. ती म्हणाली, "आधी बरी हो, मग रागावते."

ठिकाण: शिंपीकाकांचं दुकान. बारा फेब्रुवारी, दुपार.

लिहिणारी: सही. साक्षीदार: शाळेतल्या बाई, सही. शिंपीकाका, सही.

समासातली नोंद: काकांनी विचारलं, "कुठे करू सही?" मी म्हणाले, "आधी वाचा." त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "यात तुझंच नाव खराब होतंय, पोरी." मी हो म्हणाले. मग त्यांनी सही केली, आणि खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर स्वतःची मापाची पट्टी ठेवून तिरपी रेघ मारली. ती माझ्या संमतीने आहे.