सांडलेल्या सुपाची टीप

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (तूर्त मनातल्या मनातच, कारण गुडघ्याला पट्टी आहे, तिची हकीकत पुढे येते). तुझी कंबर आता कशी आहे? मांजरीला पिल्लं झाली का? मी मजेत आहे, थोडा लंगडतो एवढंच.

तर मी हॉटेलात वेटर लागलो. (तू म्हणशील, मागच्या पत्रात तर सायकलच्या दुकानात होतास. होतो. तो विषय नको.) मालकाचं म्हणणं असं की पगार नावापुरता, बाकी टिपांवर भागवा, तुमची किंमत काय ती गिऱ्हाईकच करतं. मला ते लगेच पटलं, कारण पहिल्याच दिवशी मी एका वकीलसाहेबांच्या मांडीवर सूप ओतलं आणि इतका रडवेला झालो की त्यांनीच माझी समजूत काढून भरघोस टीप ठेवली. पुढे हे नेमानेच होत गेलं. मी चमचे पाडतो, एकाचं ताट दुसऱ्यापुढे ठेवतो, आणि लोकांना माझ्यात आपल्या घरातला कुणीतरी बावळट दिसतो. (तुला कोण दिसतो ते लिहू नकोस.)

आमच्यात सगळ्यात जुनी एक ताई. एका हातावर चार ताटं आणते, पेला रिकामा व्हायच्या आत भरते. गिऱ्हाईक गप्पांत रंगलेलं. त्याला वाटतं, ताटं आपोआपच आली. मग टीप कसली! बिचारी सकाळी दुसरीकडे फरश्या पुसून इथे येते. एकदा माझ्या फुगलेल्या खिशाकडे बघून म्हणाली, "बाळा, मलाही शिकव की सांडायला." मी मागच्या अंगणात शिकवणी घेतली. पण तिचा हातच ऐकेना. पेला सोडायची आणि जमिनीला लागायच्या आत झेलायची. "मेल्या, तुला हे जमतं तरी कसं?" म्हणून उलट माझ्यावरच खेकसली.

शेवटी तिने मालकाकडे सरळ पगारच मागितला. त्याने तेच पालुपद लावलं, गिऱ्हाईक देईल ते खरं. ताई म्हणाली, "बरं. मग आजपासून आम्ही सगळे ह्याच्यासारखं काम करतो." आणि आत्या, केलं गं सगळ्यांनी! ऐन गर्दीत इकडे सूप, तिकडे सॉस, एकही टेबल कोरडं नाही. ताईचासुद्धा हात सुटला, पण नेमका मालकाच्या पांढऱ्या शर्टावर. (माझा गुडघा इथेच गेला. दुसऱ्याने सांडलेल्यावर मी घसरावं, हा केवढा अपमान!) हे आठवडाभर चाललं. मग धोब्याचं बिल आलं आणि ते बघून मालक मटकन खुर्चीत बसला. धोब्यापेक्षा पगार स्वस्त पडतो हे त्याला त्या दिवशी उमगलं. आता सगळ्यांना पोटापुरता पक्का पगार; टीप आलीच तर ती एका डब्यात, आणि भांडी घासणाऱ्यांसकट सगळ्यांना वाटणी. ताईने फरश्यांचं काम सोडलं. एवढा मोठा न्याय झाला तो माझ्या कामाच्या पद्धतीमुळे, ह्याचा मला फार अभिमान वाटतो. बाबांना मुद्दाम वाचून दाखव.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, मांजरीला जपून हात.

तुझा भटका भाचा

ता. क. बाबांना दाखवू नकोस. "पगार मी द्यायचा तर काम बघणंही माझ्याकडेच आलं," असं म्हणून मालकाने सगळ्यांचं काम बघितलं. माझंही बघितलं. तर शिलाई मशीनच्या खोलीतली खाट रिकामी आहे ना? उद्या निघतोय, म्हणजे बहुधा ह्या पत्राच्या आधीच पोचेन.

आणखी एक ता. क. (बसमधूनच लिहितोय; पत्र पेटीत टाकायचं राहूनच गेलं.) निघताना तिथेच गिऱ्हाईक म्हणून जेवलो, ताईला घसघशीत टीप द्यायची असं ठरवूनच. काय जेवण झालं, आत्या! सगळं कसं वेळच्या वेळी समोर येत गेलं. तृप्त होऊन उठलो, बस पकडली आणि गाव पार मागे पडल्यावर खिशात हात घातला, तर टिपेची नोट तिथेच. वाढायला कोण होतं, तेही डोळ्यांपुढे येईना.

ताईच असणार.