कागदावर चौदाची, अंगानं तेराची

घाटकोपर पूर्व,
मंगळवार, २० मे २०२५

प्रिय दीप्ती,

जय भीम. अक्षर एवढं मोठं बघून हसू नकोस. शेजारच्या स्वरदाचा काळा स्केचपेन मागून आणलाय, आणि तुझी आई म्हणते मी पत्र लिहीत नाहीये, मोर्च्याचा बोर्ड रंगवतोय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी अकरा सालची गाडी म्हटलं की तू अठरा सालची म्हणतेस, आणि मग आपण गाडी बाजूला ठेवून एकमेकांवर घसरतो. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. तेव्हा गप बसून वाच.

गाडी ठरली. तुझी नाही, माझीही नाही, तिसरीच. कशी ठरली ते कळल्याशिवाय तुला पटायचं नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

तुझा गेल्या श्रावणातला फोन मी विसरलेलो नाही. पाड्यावर सोमीची गाय अडली होती, वासरू पोटात आडवं आलेलं. भाड्याची जीप ओढ्यात रुतली आणि तू बॅग डोक्यावर घेऊन दोन तास चिखलातून चालत गेलीस. पोचलीस तोवर गाय पण गेली होती आणि वासरू पण. त्या घरात तेवढं एकच जनावर. सोमीने तुला कोरा चहा करून दिला. तू फोनवर रडत म्हणालीस, “पप्पा, तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.” एकतीस वर्षं पालिकेचा डंपर चालवलेला माणूस मी, मला सुचली ती गाडीच. मग मी म्हटलं, तुला मागे हौदा असलेली, चारही चाकांनी ओढणारी सेकंडहँड पिकअप शोधून देतो, जी ओढ्यात तुझी साथ सोडणार नाही. पुढच्या पावसाच्या आत. आणि ती मी स्वतः चालवत आणून तुझ्या दवाखान्याच्या दारात उभी करीन. असा दोन गोष्टींचा शब्द दिला होता.

आधी तुझी अठरा सालची बघितली, अंधेरीत. मिथुनकाकाच्या शाळेच्या बसला सुट्टी लागलीये, तो बरोबर होता. गाडी दिसायला झकास, यात वाद नाही. वर चार दिवे, चकचकीत चाकं, आत नवरीसारखी सजवलेली. मालक प्रीतम नावाचा तरुण, बोलायला गोड. त्याने बाजूने चहाचा कप पुढे केला, त्याला माझं कोपर लागलं आणि चहा त्याच्या पांढऱ्या सीटवर. बिचारा फडक्याने पुसत बसला. मी विचारलं, चार चाकांची कळ शेवटची कधी फिरवली होतीस? म्हणाला, अंकल, कधीच नाही, जुहूला जायला कशाला लागते! सात वर्षं जे वापरलंच नाही ते आयत्या वेळी चालेल का, हे तूच सांग, तू डॉक्टर. आणि दुसरं म्हणजे त्या सालाच्या गाडीला कंप्युटर. एक पिवळा दिवा लागला की ती चालायची नाही, रांगायची, आणि तो दिवा विझवणारा लॅपटॉप असणार नाशकात. तू ओढ्यात आणि लॅपटॉप नाशकात, म्हणजे लागलीच वाट. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, दुसरं काय.

मग माझी अकरा सालची, बोरिवलीला. तिचा डिझेल पंप साधा, कुठल्याही फिटरला पान्याने खोलता येईल असा. पाइपात हवा धरली तर हाताने पंप मारायचा आणि निघायचं. मी मनातून तिचाच होतो, खोटं कशाला सांगू. पण ती गाडी नऊ वर्षं गोराईहून मासळी वाहत होती. खाली हात घालून स्क्रूड्रायव्हर टोचला तर चासीचा पापुद्रा पापडासारखा हातात आला. मिठाने खाल्लेली. शिवाय तिला पुढच्या वर्षी पंधरा वर्षं भरणार, म्हणजे पुन्हा पासिंगचे हेलपाटे, आणि तू ते मोखाड्याहून कशी मारणार? तू म्हणतेस ना, पप्पा जुन्या गाड्यांच्या प्रेमात आहेत. आहे. पण पोरगी बसणार त्या गाडीत, म्हणून तिथून गप निघालो.

तिसरी वाकोल्याला, एका दलालाच्या आवारात, पार मागे भिंतीला चिकटून उभी. कागद चौदा सालचे, फेब्रुवारीचं पासिंग. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं, कारण रंग उडालेला आणि हौद्याला पोचे. मला पोचे आवडतात, पोच्यावर कोणी पुट्टी भरून रंग मारला नाही म्हणजे माणूस प्रामाणिक. दारांवर बोटं वाजवत एक फेरी मारली, सगळीकडे पत्र्याचाच आवाज. वाकोल्यात पाणी कसं भरतं ते तुला माहीत आहे, म्हणून सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून नाकाला लावला. गाडी बुडालेली असेल तर पट्ट्याच्या टोकाला चिखलाचा वास राहतोच. नव्हता. दलालाने चावी माझ्या हातात दिली, म्हणाला, काका, एक चक्कर मारा. मी चावी मिथुनला दिली. म्हटलं तू चालव, मी ऐकतो.

इथे जरा थांबतो. तुला धोंडिराम उस्ताद आठवतो का, ज्याने मला गाडी शिकवली? तू लहान होतीस तेव्हा घरी यायचा, तुला चिंचेच्या गोळ्या आणायचा. तो म्हणायचा, खंडू, क्लीनर साइडला बसलेल्या ड्रायव्हरला गाडी ओळख देत नाही. ते मी एवढं मनावर घेतलं होतं की एकतीस वर्षांत एकदाही डाव्या सीटवर बसलो नाही. ताप असला तरी नाही. त्या दिवशी वाकोल्यात पहिल्यांदा बसलो. मिथुनने गाडी कलिन्याच्या बाजूला काढली, एक चढ, दोन खड्डे, मी डोळे मिटून बसलेलो. गिअरबॉक्स शांत, मागची चाकं शांत, चार चाकांचा दांडा टाकला तर कुठे कुरकूर नाही. आणि इंजिनाचा आवाज ऐकून मी ताठ बसलो, कारण तो जुन्या पंपाचा आवाज होता. या कंपनीने चौदा सालापासून पंप बदलून कंप्युटर बसवला, मग या चौदाच्या गाडीला जुना पंप कसा? मी मिथुनला हे सांगायला वळलो तर त्याने गाडी बाजूला लावलेली. चावी मी का दिली, चहा कसा सांडला, आवारात जॅकला पाय अडकून मी कसा धडपडलो, सगळं त्याने जोडलं होतं. म्हणाला, “दादा, कधीपासून?”

मी म्हटलं, आधी चासी नंबर बघू दे.

नंबर उजव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या आत ठोकलेला असतो. तिथे अंधार, वर मळीचा थर. मिथुन मोबाइलची बॅटरी धरत होता, पण मला तिचा उपयोग नव्हता. मी रुमालाने पुसलं आणि बोट फिरवलं. सतरा खुणा असतात, त्यातली दहावी सालाची. चौदाला ई, तेराला डी. ई असता तर फणीसारखे तीन दात लागले असते. माझ्या बोटाला गोल पोट लागलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा पोट. डी! म्हणजे गाडी बनली तेरा सालच्या शेवटी, शोरूममध्ये उभी राहिली आणि नंबर पडला चौदात. कागदावर चौदाची, अंगानं तेराची. अंगात पंप जुना, आणि पासिंग एकोणतीस सालापर्यंत. तुला हवी होती ती वर्षं पण मिळाली आणि मला हवं होतं ते इंजिन पण. मिथुन एवढा खूश झाला की पाठीवर थाप मारून म्हणाला, “आंधळा मागतो एक डोळा...” आणि तिथेच थांबला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. पुढचं मीच म्हटलं, देव देतो दोन. त्याला हसू येईना. मला मात्र आलं.

तुला आता कळलं असेल. काचबिंदू आहे, चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं डॉक्टरांनी. थेंब दिले होते. तीन-चार महिने घातले, मग सोडले. का? दुखत नव्हतं म्हणून. दुसरं कारण नाही, आणि त्यात दोष कोणाचाच नाही, माझाच गाढवपणा. हा रोग समोरचं खात नाही, कडेकडेने खात येतो, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. उजवा आता जवळपास गेला. डाव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं, म्हणून हे पत्र लिहिता येतंय. गेलेलं परत येणार नाही, राहिलंय ते थेंबांनी राहील असं म्हणतात. तुझी आई आता घड्याळ लावून घालते, शिव्याही घालते. तिला मीच बजावलं होतं तुला सांगू नकोस म्हणून. परवा म्हणाली, तुम्ही सांगताय की मी सांगू?

मागच्या दिवाळीत मिथुनच्या गाडीने तुला ठाण्याला सोडायला येत होतो, मुलुंडच्या चेकनाक्याअलीकडे तू ओरडलीस, “पप्पा, माणूस!” मी ब्रेक मारला. तो म्हातारा बंपरला हात टेकून उभा राहिला, आठवतं? तू म्हणालीस, लक्ष कुठे आहे तुमचं. लक्ष तिथेच होतं गं. तो उजवीकडून आला आणि मला तो दिसलाच नाही. त्या दिवसानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. लायसन सत्तावीस सालापर्यंत चालू आहे, कागदावर मीही अजून ड्रायव्हर. ते मी आईकडे देऊन टाकलं, तिने साड्यांखाली ठेवलंय. तुला मी गुडघा दुखतो म्हणून चालवत नाही असं सांगितलं, आणि तरी दर फोनवर, गाडी मीच घेऊन येणार, हे म्हणत राहिलो. फेब्रुवारीत तू दोन दिवस आलीस तर दोन्ही दिवस टीव्हीकडे तोंड करून बसलो. बैलाच्या डोळ्यात टॉर्च मारून तू रोग सांगतेस, मला भीती वाटली माझ्याही डोळ्यात मारशील.

आणि मोठी भीती दुसरीच होती. सोमीच्या गायीनंतर तू म्हणाली होतीस, सोडते हे सगळं, घाटकोपरला येऊन कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाकते. माझ्या डोळ्यांचं कळलं की तुला ते करायला कारण मिळेल, आणि लोक पण म्हणतील, काय गुणाची पोरगी, बापासाठी आली. मला तशी नकोस. माझ्यासाठी थेंब आहेत, तुझी आई आहे, मिथुन आहे. त्या पाड्यांवर तुझ्याशिवाय कोण आहे? ही गाडी तुला तिथे राहता यावं म्हणून बघितलीये, हे ध्यानात ठेव आणि मग काय रागवायचं ते रागव.

हे पत्र आज स्पीड पोस्टाने टाकतो, शनिवारपर्यंत मिळेल. मिळालं की फोन करू नकोस, फोनवर मला जमणार नाही. रविवारी पहाटे आम्ही निघू, कसाऱ्यावरून खोडाळ्याच्या रस्त्याने, दहापर्यंत पोचू. तू लहान असताना संध्याकाळी माझा डंपर वस्तीच्या तोंडाशी थांबला की तू धावत उजव्या दाराशी यायचीस, मी वाकून तुला वर ओढून मांडीवर घ्यायचो, आणि घरापर्यंत स्टिअरिंग तुझ्या हातात. परवा सगळं ठरल्यावर मला एकच गोष्ट सारखी दिसायला लागली. गाडी दवाखान्यासमोर थांबेल, तू सवयीने उजव्या दाराकडे येशील, दार उघडेल आणि आतून मिथुनकाका उतरेल. तुझं तोंड त्या वेळी कसं होईल ते मला दिसणार नाही, आणि तेच मला सहन होईना. म्हणून हे पत्र. एका गोष्टीचा शब्द पाळलाय, दुसरीचा मोडला. येताना टॉर्च आण, या वेळी तोंड फिरवणार नाही. आणि उजव्या दाराकडे जाऊ नकोस, पुढून वळसा घालून ये. मी क्लीनर साइडला आहे.

तुझाच,
पप्पा