पोटरी आणि दहा किलोमीटर

५ जानेवारी १९९५, गुरुवार
पोटरी पूर्ण बरी. जिना उतरताना सोडून. स्नायू ताणला त्यात माझी चूक नव्हती; आर्ट्स कॉलेजच्या रस्त्यावर स्कूटरवाल्याने मागून हॉर्न दिला आणि मी दचकलो. डॉक्टर पद्मजा म्हणतात, महिनाभर फक्त चालायचं. "मेल्लगा, मेल्लगा," म्हणजे हळूहळू. हे सर्वसाधारण पेशंटसाठी असणार. मी कॉलेजच्या दिवसांपासून पळतोय. १२ फेब्रुवारीला नव्या बूट कंपनीची दहा किलोमीटरची शर्यत आहे. नाव दिलं.

८ जानेवारी, सकाळ
मी पळू नये म्हणून डॉक्टरांनी रंजनाला सोबत चालायला सांगितलंय. बायको की पहारा? तिनेही शर्यतीत नाव दिलं. म्हणे टोपी फुकट मिळते. चालत पूर्ण केली तर चालते का, असं विचारत होती. मी हसलो नाही.

१० जानेवारी
पाटबंधारे खात्यात अखेर कॉम्प्युटर आले. हेमंत नावाचा नवा मुलगा त्यावर कालव्यांची ड्रॉइंग काढतो. मी हेड ड्राफ्ट्समन. माझा हात अजून थरथरत नाही. त्याने विचारलं, "सर, तुम्हीपण धावणार?" म्हटलं, "तू माझ्या मागे राहा, रस्ता चुकणार नाहीस."
सगळे हसले. बरं वाटलं.

१९ जानेवारी
रंजना बरीच पुढे गेली. मी मुद्दाम मागे राहिलो. नवशिक्यांचा उत्साह टिकवावा लागतो.
ती वळणाआड गेल्यावर थोडा पळून पाहिलं. पोटरीत चमक. पुलाच्या कठड्यावर बसलो. ती परत आली तेव्हा सांगितलं, पक्षी बघतोय. ती म्हणाली, "कुठला?" उडून गेला म्हटलं.

२४ जानेवारी
सुलतान बाजारातून नवे बूट. तळव्यात हवा भरलेली आहे म्हणे. आता पोटरीवर भारच येणार नाही. अंगठ्याला लागतात, पण दुकानदार म्हणाला, "दो दिन में अपने-आप खुलते साब."

३ फेब्रुवारी
डॉक्टरांनी पोटरी दाबली. मी ओरडलो नाही, खुर्ची करकरली. त्या म्हणाल्या, यंदा पळू नका. 'यंदा' म्हणाल्या, 'कधीच' नाही. म्हणजे प्रकृती सुधारते आहे. शिवाय हा सल्ला आहे, हुकूम नव्हे.

७ फेब्रुवारी
माझं ड्रॉइंगचं टेबल पॅसेजमध्ये नेऊन ठेवलंय. कॉम्प्युटरला एसी लागतो, त्याला जागा हवी. मला कोणी विचारलं नाही. जाणारे-येणारे त्यावर हेल्मेट ठेवतात.
हेमंत स्वतः येऊन म्हणाला, "सर, पायाला जपा. शर्यत पुढच्या वर्षीही होईल." पुढच्या वर्षी मी कुठे बसलेला असेन, हे त्याला कोण सांगणार?
घरी रंजनाला म्हटलं, काही झालं तरी पळणार. ती म्हणाली, "पाय तुमचा एकट्याचा नाही. दीड महिना खालून पाण्याच्या बादल्या मी आणतेय."
मी काहीतरी लागेल असं बोललो. जेवण झालं नाही.

११ फेब्रुवारी
प्लॅन: निम्मं अंतर संथ, मग हेमंतला गाठायचं. तिळाच्या तेलाने मालिश केली. पोटरी शांत. बहुधा तीही तयारीत आहे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं.
नामपल्लीच्या मैदानावरून सुटलो. हेमंत पुढे गेला आणि मी प्लॅन विसरलो. त्याच्या मागे अक्षरशः उधळलो. सुलतान बाजारात पोटरीवर कोणी दगड मारावा तसं झालं. एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. तिथून लोक माझ्या पुढे जात राहिले. मुलं, आजोबा, टोपी सांभाळत एक वकील.
मग आयोजकांची व्हॅन आली. दमलेल्यांना उचलणारी. मला उचललं.
ड्रायव्हरला म्हटलं, काचीगुड्याच्या गल्लीतून लवकर घरी सोड. तो म्हणाला, "नक्को साब. आखरी आदमी के पीछेच चलना बोले."
पुढे पाहिलं. शेवटची रंजना होती. मी पायरीवर खाली वाकून बूट काढत होतो तेव्हा पुढे गेली असणार. साडी खोचलेली, कंपनीची टोपी, घरातल्याच चपला. व्हॅन तिच्या मागे, बैलगाडीच्या वेगाने. पोरं टाळ्या वाजवत होती. काही मलाही हात हलवत होती.
तिने वळून पाहिलं. खिडकीशी आली.
"दुखतंय?"
"नाही."
ती तशीच उभी राहिली.
"हो," म्हटलं.
तिने पदराने माझं कपाळ पुसलं. ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, तुमीबी बैठ जाओ." ती म्हणाली, "नको. मी चालते." आणि निघाली. शर्यत संपली त्या विद्यानगरपर्यंत मी तिची पाठ बघत होतो. एकदाही थांबली नाही. उतरून तिच्याबरोबर चालावं असं फार वाटलं. पाय टेकवत नव्हता.

१४ फेब्रुवारी
डॉक्टर रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. आता पुष्कळ महिने पळणं बंद. हेमंत घरी येऊन गेला. रंजनाला म्हणाला, "काकू, तुम्ही कमाल केलीत." मला म्हणाला, "सर, आराम करा."

२० फेब्रुवारी, सकाळ
शेजारच्या चतुराबाई दारात उभ्या. रंजना रोज त्यांच्याबरोबर जाते. मी काठी घेतली. म्हटलं, थांबा, कोपऱ्यापर्यंत मीही येतो, तुम्हाला सोबत.
रंजना म्हणाली, "तुम्ही बसा. आज आम्हाला जरा जोरात जायचंय."
जाताना गॅसवरचं दूध बघायला सांगून गेली.
बघतच होतो. तरी उतू गेलं.