दादाच्या घराला पाटी लावण्याआधी

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावता, की नुसतं बाटलीकडे बघता? इकडे देवाच्या दयेने सगळे ठीक.

दादाच्या माघारी त्याच्या घराचं संग्रहालय करावं म्हणून त्याची स्मारक समिती तुमच्या मागे लागली आहे, आणि द्यावं की न द्यावं या विचाराने तुम्हाला झोप नाही. म्हणून एका थोर लेखकाचं असंच जतन केलेलं घर मी परवा पाहून आलो. दारात सवयीने चपला काढल्या. (मोठ्या माणसाचं घर, गावच्या शाळेत गुरुजींनी लावलेलं वळण काही जात नाही.) आत लेखक मेणाचे करून टेबलाशी बसवले आहेत. चेहरा असा, की चार दिवस पोट साफ नसावं. समोर काचेत चष्मा, कवळी आणि दाढीचा झिजलेला ब्रश. पुस्तक एकही नाही. माहिती सांगणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "काका, पुस्तकं वाचनालयात. इथे फक्त वस्तू." भिंतीतल्या खिळ्यालासुद्धा पाटी होती : 'येथे टोपी असे.' स्वयंपाकघराच्या जागी तिकीटखिडकी. मग लेखकाच्या पत्नी कुठे असतात? "त्या ना, मुलीकडे. पण कधी आल्या, तर त्यांना तिकीट माफ आहे हं!" वहिनी, ज्या बाईचा जन्म त्या चुलीपुढे गेला, तिला तिच्याच घरात तिकीट माफ! मी मनात देवाचं नाव घेतलं. नाहीतर तोंडातून भलतंच निघालं असतं.

बाहेर येतो तो काय, पाचसहा माणसं वाकून माझ्या चपलांचे फोटो काढत होती. एक जण बायकोला सांगत होता, "बघ, किती साधे राहायचे!" मी पाय घालायला गेलो तर रखवालदार ओरडला, "ओ, वस्तूंना हात लावू नका!"

"अहो, माझ्या आहेत."

"असं म्हणणारे रोज येतात."

अनवाणी घरी आलो. एव्हाना त्या काचेत गेल्या असतील.

तेव्हा सही करू नका. घर तुमचं आहे, तुम्ही त्यात खुशाल राहा.

आपला,
धाकटा दीर

ता. क. : नकार समितीला टपालाने कळवा. माझ्या हाती निरोप नको.

आणखी एक : त्या पत्रात मलाही चार शब्द खरमरीत सुनावा. 'दिराने फार गळ घातली, पण मी बधणार नाही' असं काहीतरी. सांगायचं राहिलं, समितीने मला चिटणीस केलं आहे, आणि तुमची सही मीच आणतो असं मी भर बैठकीत छातीठोक सांगून बसलो आहे.